आडनाव न विचारणारी खोली

सुमन,

तुझ्या शोकसभेला मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसले. मागे बसले असते तर मध्येच उठून गेले असते. संस्थेचे सचिव बोलायला उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "अशा समाजातून येऊनही कांबळे मॅडमनी संगणकासारख्या क्षेत्रात..." त्यापुढचं मला ऐकू आलं नाही. 'अशा' आणि 'येऊनही' हे दोन शब्द कानात रुतून बसले. तुझ्या संगणकाच्या खोलीला कुलूप लावायला सांगणारा माणूस हाच. तुझ्या फोटोला हार घालताना मात्र त्यांचा आवाज अगदी भरून आला होता.

तुझा जन्म, शिक्षण, नोकरीच्या बदल्या हे सगळं संस्थेच्या पत्रकात छापून आलंय, त्यामुळे मी ते परत लिहीत नाही. त्या पत्रकात 'लिनक्स' हा शब्द कुठेही नाही. 'विविध संगणकीय उपक्रम राबवले' असं एक वाक्य आहे. वृक्षारोपणाबद्दल लिहितात तसं. इतकी वर्षं तू जे केलंस त्याला काय म्हणतात हेही ज्यांना माहीत नाही, त्यांनी तुझ्यावर पत्रक काढावं याचा मला संताप आला. अजून आहे. तो असतानाच लिहिते, नाहीतर मीही 'उपक्रम' लिहीन.

तू सांगलीला माझ्या घरी त्या लिनक्स सिस्टिमची सीडी घेऊन आलीस तो दिवस मला चांगला आठवतो. कुठल्याशा संगणकाच्या मासिकाबरोबर आली होती. चप्पल काढायच्या आत बोलायला लागलीस.

"वैजे, हे बघ. हे फुकट आहे आणि उघडं आहे."

"फुकट आहे म्हणजे काहीतरी खोट असणार."

"असू दे की. खोट दिसली तर आपण काढायची. उघडं म्हणजे तेच गं. आत हात घालता येतो."

मी चहा टाकायला गेले. तू ओट्याशी उभी राहून मला समजावत होतीस की एक चांगला संगणक मधे ठेवायचा आणि बाकीचे जुने, हार्ड डिस्क नसलेले, त्याला जोडायचे. जुन्यांनी फ्लॉपीवरून नुसतं जागं व्हायचं, डोकं मधल्याचं वापरायचं. त्या मधल्याला, सर्व्हरला, तेवढी बॅटरी लावली की झालं. बाकीच्यांची लाइट गेली तरी बिघडायला त्यांच्यात काही नाहीच. कवठे महांकाळला तुझ्या शाळेत लाइट किती वेळा जाते हे माहीत असलेल्या माणसालाच हे सुचू शकतं. परदेशात कुणीतरी बनवलेली ती सिस्टिम तू आपल्या लाइटसाठी कापून-बेतून घेतलीस, मोठ्या माणसाचा सदरा पोराला बसवतात तशी.

सांगलीतल्या एका बँकेने काढून टाकलेले जुने संगणक मी मिळवले. टेम्पो मी ठरवला. तू पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचं सोडून मागे त्या मॉनिटरांना धरून बसलीस आणि कवठ्याला उतरलीस तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत धुळीने पांढरी झाली होतीस. तुमच्या शाळेत तोपर्यंत एकच संगणक होता. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये, क्रोशाच्या कव्हरखाली. तपासणी आली की कव्हर निघायचं, पाहुणे गेले की परत चढायचं. मुलं खिडकीतून बघायची. तू सरांना म्हणालीस, "सर, पूजेला ठेवलाय का हा? तसं असेल तर उदबत्ती तरी लावू." सर हसले आणि फसले. त्यांचा तो संगणक तुझा सर्व्हर झाला. क्रोशाचं कव्हर तू त्यांना धुऊन, घडी घालून परत दिलंस. ते मात्र त्यांना आवडलं नव्हतं.

नेटवर्कची केबल मी आणि तू मिळून टाकली. एका टोकाचं बूच कुणी काढलं तर सगळी खोली बंद पडायची, आणि झाडताना शिपाई ते बूच रोज न चुकता काढायचा. तू त्याच्यावर कधी चिडली नाहीस. मी चिडले. तू त्यालाच खुर्चीवर बसवलंस, बूच काढायला लावलंस आणि सगळ्या पडद्यांवर काय होतं ते दाखवलंस. "आता कळलं, मॅडम, मी केवढा मोठा माणूस हाय ते," असं तो म्हणाला. पुन्हा बूच निघालं नाही.

आणि तो चूक दाखवणारा संदेश. मुलाने चुकीची आज्ञा दिली की संगणक इंग्रजीत काहीतरी फटकारायचा आणि मुलं घाबरून हात मागे घ्यायची. तू आत, मूळ प्रोग्राममध्ये शिरलीस, ते वाक्य शोधलंस आणि त्याजागी रोमन अक्षरांत लिहिलंस, 'कळलं न्हाई, परत सांग.' मुलं ते मोठ्याने वाचायची आणि हसत हसत परत सांगायची. माझं म्हणणं होतं की धड मराठीही नाही आणि धड इंग्रजीही नाही, असलं काही शाळेत नको. निदान 'नाही' तरी लिही. तू म्हणालीस, "नाही म्हणलं की ते मास्तरागत वाटतं. न्हाई म्हणलं की घरातलं." तपासणीला आलेल्या साहेबांनी शुद्धलेखनाबद्दल ताशेरा मारला तेव्हा मी तुला 'सांगितलं होतं' म्हणाले. आता सांगते, तुझं बरोबर होतं. माझ्या सांगलीच्या शाळेत मी तुझीच सीडी घातली आणि तो संदेश बदलून 'नाही' केला. मुली अजून त्याला घाबरतात.

पण तूही चुकायचीस. आणि चूक करायचीस ती मोठ्ठी. संगणकात शिरायचं नाव म्हणून तू प्रत्येक मुलाला तुकडी आणि हजेरी क्रमांक दिलास. मी म्हणाले होते, हे जूनमध्ये अंगाशी येईल. तू ऐकलं नाहीस. जून आला. वार्षिक परीक्षेच्या गुणांवर संस्थेने नेहमीप्रमाणे तुकड्या पुन्हा पाडल्या. हुशार 'अ'मध्ये, मग ब, क, अशी उतरंड थेट 'फ'पर्यंत. प्रत्येक मुलाचा नंबर बदलला. पहिल्या तासाला मुलांनी नवा नंबर टाकला आणि प्रत्येकाला दुसऱ्याच कुणाचं तरी सामान उघडून मिळालं. कुणाचे निबंध, कुणाची अर्धवट चित्रं, कुणी मैत्रिणीबद्दल लिहिलेलं काहीबाही. 'अ'मधून 'क'त घसरलेली एक मुलगी रडत बसली, कारण तिच्या जागी आता दुसरी बसली होती, कागदावर आणि मशीनमध्येही. तू मला फोन केलास. शाळेच्या फोनवरून, खालच्या आवाजात.

"वैजे, मी मशीनलासुद्धा तुकड्या पाडायला शिकवल्या गं."

मग तू सगळं पुसून नव्याने मांडलंस. प्रत्येकाने आपलं नाव आपण ठेवायचं, आठ अक्षरांच्या आत, आणि शाळा सोडेपर्यंत ते बदलायचं नाही. तुकडी नाही, नंबर नाही, आडनाव तर नाहीच. मी त्या दिवशी कवठ्याला आले होते. काय गोंधळ होता! वाघ, बिजली, मिरची, राणी. ज्यांच्या घरात कुणी सैन्यात होतं त्या सगळ्यांना 'फौजी' व्हायचं होतं, आणि सिस्टिम एकालाच होऊ देत होती. भांडणं लागली. तू टेबलावर बसून हसत होतीस. एवढी खूश मी तुला आधी कधी पाहिली नव्हती. फ तुकडीतली पोरं अ तुकडीतल्या पोरांशेजारी बसली होती, आणि मधल्या त्या मशीनला त्यांच्यातला फरक माहीत नव्हता.

सचिवांना मात्र तो फरक माहीत असायलाच हवा होता. पाहणीला आले, पडद्यावर नावांची रांग बघितली आणि म्हणाले, "ही कसली नावं? मिरची काय, वाघ काय. पोरगं कुणाचं ते कळायला नको?"

तू म्हणालीस, "कळून काय करायचंय, साहेब?"

तू आवाज चढवला नव्हतास. खरंच विचारत होतीस. त्यांनी तो प्रश्न तुला कधी माफ केला नाही. मुख्याध्यापक भिंतीकडे बघत उभे होते. बाहेर आल्यावर मी म्हणाले, जरा गोड बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? तू म्हणालीस, "पाटलीणबाई, तुला गोड बोलायला जमतं. तुझं आडनाव विचारलं की लोक खुर्ची पुढं करतात. माझं विचारलं की आधी गप्प होतात." मला राग आला होता. आपण कोरेगावच्या एका बाकावर शिकलो, साताऱ्याला बी.एड. एका खोलीत राहून केलं, एका ताटात जेवलो, आणि हे तू मला का सुनावतेस, असं वाटलं. परतीच्या एसटीत बोलायला तू नव्हतीस, नाहीतर भांडले असते. परवा सचिवांचं 'येऊनही' ऐकलं तेव्हा ते भांडण मी मनातल्या मनात हरले.

पुढचं वर्ष कसं गेलं ते तुला माहीतच आहे. कुणीतरी देणगी दिली, चकचकीत नवे संगणक आले, वेगळी खोली झाली, पडदे लागले, बाहेर चपला काढायची पाटी लागली. ती खोली फक्त अ तुकडीची. विकणाऱ्याने दिलेल्या प्रोग्राममध्ये आधी आडनाव टाकावं लागतं, मग तुकडी, मग पुढे जाता येतं. तुझ्या खोलीला स्टाफरूममध्ये 'भंगारखाना' म्हणायला लागले. तरी ती चालू होती, कारण तू होतीस.

इथेच माझं तुझ्याशी भांडण आहे आणि ते मी सोडणार नाही. तू एकटीच का होतीस? सर्व्हरचा पासवर्ड तू कुणालाही दिला नाहीस. किती वेळा म्हणाले, कुणातरी एका मास्तराला तयार कर. तुझं एकच. "दिला की पुसतील." मी म्हणायची, "अगं, पुसायला पासवर्ड लागत नाही. चालवायला लागतो." तुला हे माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी नाही. मुलांना सगळं उघडं, आत हात घाला म्हणणारी तू, शाळेतल्या एकाही मोठ्या माणसावर तुझा विश्वास नव्हता. तो का नव्हता हे मला आता थोडं कळतं. पण त्याचा परिणाम काय झाला? तू दिवाळीनंतर आजारी पडलीस आणि खोली त्याच आठवड्यात बंद झाली. 'सुरक्षेसाठी' म्हणून सचिवांनी कुलूप घालायला सांगितलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. करणार कोण? आत जाऊन चालवता येणारा माणूसच तू तयार केला नव्हतास.

दुखणंही तसंच अंगावर काढलंस. मिरजेला दवाखान्यात आणलं तेव्हा डॉक्टर माझ्यावर ओरडले, बहीण समजून. मी ऐकून घेतलं. तुझी आई बाकड्यावर बसून म्हणत होती, "किती येळा म्हणलं, दवाखान्यात चल. तर म्हणायची, सहामाहीचे गुण भरायचेत. आवं, लगीन कर म्हणलं तवा म्हणायची, सर्व्हर बंद पडंल. ह्यो सर्व्हर म्हंजी हाय तरी कोण, मला येकदा दाखवा तरी." तू त्या तापातही हसलीस. मग आई डबा घ्यायला गेल्यावर मला जवळ बोलावून पासवर्ड सांगितलास आणि वर म्हणालीस, "लिहून ठेवू नको, तुला सवय आहे." शेवटपर्यंत टोचून बोलायचं सोडलं नाहीस. मी तेव्हा नुसतं 'बरं' म्हणाले आणि औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेले. आभार मानायचे होते असं आता वाटतं. गणिताची साधी मास्तरीण होते मी. संगणकाला घाबरणारी. तू हात धरून त्याच्या आत नेलंस, तेव्हाही मी कुरकुरतच होते.

तर शोकसभा संपली. सकाळची शाळा होती, मुलांना लवकर सोडलं होतं. मी पर्स उचलली तेवढ्यात मुख्याध्यापक मागून आले. "मॅडम, जरा अडचण आहे. सहामाहीचे गुण कांबळे मॅडमच्या मशीनमध्ये आहेत. सगळ्या तुकड्यांचे. वार्षिक निकालाला लागतील. तुम्हाला काही... ते उघडता येईल का?"

"तुमच्या नव्या संगणकात नाहीत?"

"त्यात अजून फक्त अ तुकडी आहे."

"कागदावर?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ज्याला भंगार म्हणत होते त्याच्यावर सगळ्या शाळेचा निकाल ठेवून ही माणसं निवांत होती. मी त्यांना म्हणाले, कुलूप काढा. आणि ऐक, मी गुणांवरून अडवणूक केली नाही. मनात आलं होतं. पण मुलांचे गुण ओलीस ठेवणं तुला चाललं नसतं आणि मलाही नाही. धुळीने खोकत सर्व्हर चालू केला. तो जणू काही झालंच नाही अशा थाटात उठला. सगळे गुण छापून सरांच्या हातात दिले. सरांनी कागद छातीशी धरले आणि म्हणाले, "वा. आता बंद करायला हरकत नाही. मे महिन्यात खोली रिकामी करायची आहे, साहेबांचा निरोप आहे."

तासाभरापूर्वी हे गृहस्थ तुझ्या फोटोसमोर मान खाली घालून उभे होते.

"मी बंद करत नाही," मी म्हणाले. "ज्याला करायचं असेल त्याने करावं."

दार उघडं बघून अजून घरी न गेलेली फ तुकडीची पोरं बाहेर जमली होती. पुढे होते जाधव सर, तुमचे पी.टी.चे शिक्षक. फ तुकडीचे वर्गशिक्षक. तू त्यांच्याबद्दल कधी काही बोलली नव्हतीस, म्हणजे त्यांचीही तू कधी दखल घेतली नसशील. ते आत आले आणि सरांना म्हणाले, "सर, उन्हामुळं कवायतीचा तास तसाबी बंदच हाय. माझा वर्ग हितं बसवतो की मी."

"तुम्हाला हे चालवता येतं का, जाधव?"

"न्हाई. ह्या मॅडम शिकवतील."

मला विचारलंसुद्धा नाही त्यांनी. सर म्हणाले, वरून विचारावं लागेल. जाधव सर म्हणाले, "विचारा की. तवर आमी बसतो." आणि खरोखर बसले. सर कागद सावरत निघून गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. माझ्या मते तो 'हो'च.

पोरं आपापल्या जागी पळाली. कुणी कुणाला नंबर विचारला नाही. मिरची मिरचीत शिरली, फौजी फौजीत. त्यांचं सगळं जिथल्या तिथे होतं. मी जाधव सरांना सर्व्हरसमोर बसवलं, पासवर्ड कानात सांगितला. त्यांनी कीबोर्डवर एक बोट ठेवलं आणि मैदानावर हुकूम देतात त्या खड्या आवाजात एकेक अक्षर उच्चारत टाइप केला. सगळा. खोलीभर. पोरांनी तो मागोमाग म्हटलासुद्धा, कवायतीसारखा.

"जाधव सर!" मी ओरडले. "तो गुप्त ठेवायचा असतो!"

"आवं मॅडम, कुणापासनं? आपलीच पोरं हायती की."

सुमन, तू कुणालाही न दिलेला तो शब्द अख्ख्या फ तुकडीने एका सुरात म्हटला. तू असतीस तर खुर्ची फेकून मारली असतीस. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग मी तोंड खिडकीकडे केलं कारण पोरं बघत होती.

पुढचं सांगते ते नीट ऐक. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी कवठ्याची गाडी धरणार. जाधव सरांना आणि आणखी दोन शिक्षकांना मी तयार करणार, त्यांची इच्छा असो नसो. मे महिन्यात टेम्पो आला तर मी खोलीत असेन, आणि सचिवांना त्यांचं आडनाव विचारल्याशिवाय आत घेणार नाही. आवाज चढवून. गोड बोलायचं मी परवापासून सोडलंय.

त्या दिवशी निघायच्या आधी मी आणि जाधव सर पुन्हा सर्व्हरसमोर बसलो आणि पासवर्ड बदलला. नवीन शब्द त्यांनी सुचवला, तोंड मिटून टाइप केला. तो आता आम्हा दोघांना माहीत आहे. तुझ्या मशीनवर, सुमन, तुला माहीत नसलेला हा पहिलाच शब्द.